सरडीच्या पेटीतला वाफसा

वाफसा म्हणजे काय, हे सूनबाईच्या मोबाईलला सांगता येत नाही. तिनं माझ्यासमोर विचारून बघितलं. त्यातला बोलणारा म्हणाला, माती ओलसर हवी पण ओली नको. आता हे काय सांगणं झालं? ओलसर म्हणजे किती? माझा जन्म कासुर्डीच्या शिवारात कांदा, फ्लॉवर आणि झेंडू करण्यात गेला. पाणी देऊन झाल्यावर रानात पाय कधी घालायचा हे ज्याला कळत नाही त्यानं शेती करू नये. मूठभर माती घ्यायची, दाबायची, लाडू झाला पाहिजे. कमरेएवढ्या उंचीवरून तो सोडायचा, पडला की फुटला पाहिजे. हाताला चिकटला तर थांबा. लाडूच झाला नाही तर उशीर झाला. बरोबर जमला तर तो वाफसा. मी शाळेत चौथीपर्यंत होतो, तिथं हे कुणी शिकवलं नाही आणि शिकवायची गरजही पडली नाही.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या घरात एका सरडीच्या बाळंतपणावरून जे झालं ते प्रत्येक जण आपल्या पद्धतीनं सांगत सुटलाय, आणि कुणीही सांगितलं तरी शेवटी वेडा मीच ठरतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. जिथं मी चुकलो ते लिहीन. जिथं चुकलो नाही ते जास्त लिहीन.

सूनबाई दौंडची. वडील रेल्वेत होते, ती रेल्वे कॉलनीत वाढली. वडील गेल्यावर त्यांच्या जागी ऑफिसात लागली. आमच्या घरी आली तरी नोकरी चालू आहे. रोज सकाळी यवतला जाते, डेमू गाडी धरते, दौंडला उतरते, संध्याकाळच्या डेमूनं माघारी. मुलगा कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत शिफ्टला असतो, तो घरात असला तर झोपलेला असतो. म्हणजे दिवसभर घरी मी आणि आमची मंडळी, सूनबाईची सासू. शेत मी आता बघतो, करत नाही. गुडघे ऐकत नाहीत.

तर सूनबाईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची लांब कुठंतरी बदली झाली आणि जाताना ती हे दोन प्राणी हिच्या गळ्यात घालून गेली. एक नर, एक मादी. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्यांना. मी सरडा म्हणतो. वीतभर अंग, तेवढंच शेपूट, हनुवटीखाली काट्यांची झालर. राग आला की ती झालर फुगवून काळी करतात, तिलाच दाढी म्हणायचं.

"आबा, सरडा नाही हो ते," असं ती पहिल्या महिन्यात रोज सांगायची.

"मग काय हाय?"

"ड्रॅगन."

"आपल्या बांधावर बसतो त्यो असाच दिसतो की. ह्यो जरा खाऊन-पिऊन हाय, येवढाच फरक."

नावंही ठेवलीत तिनं. ती मी घेत नाही. सरड्याला नावानं हाक मारायची शिकवण माझ्या बापानं मला दिली नाही.

मंडळींनी त्यांना घरात घेतलं नाही, म्हणून पेंडीची खोली रिकामी करून दिली. तिथं दोन काचेच्या पेट्या आल्या, नराची वेगळी, मादीची वेगळी, आणि पेट्यांवर गरम दिवे. मंडळी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "गोठ्यात गाईला पंखा न्हाई, आन् सरड्याला शेगडी!" खाणं काय, तर गाईसाठी लावलेल्या लसूणघासाचे कोवळे शेंडे, तेही धुऊन. वर डब्यात पाळलेले किडे. फवारणीच्या रानातलं पानसुद्धा द्यायचं नाही, अशी तंबी मलाच.

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. भावकीतला एक जण खोलीच्या दाराशी उभा राहून बघत राहिला. ह्याला सगळ्या गोष्टीत पुढारपण करायची सवय.

"आबा, घोरपड पाळलीया व्हय? फॉरेस्टवालं आलं तर मला सांगू नका."

"घोरपड न्हाई ती. कागद हायती नोंदणीचं, सूनबाईकडं."

"बरं. दूध किती देती?"

मी म्हणालो, तुझ्यापेक्षा जास्त कामाची आहे, निदान तोंड मिटून बसते. तेव्हापासून माझं त्याचं बोलणं बेताचंच आहे. सांगायचं एवढंच की या सरड्यांपायी मी भांडणंसुद्धा अंगावर घेतली. पण ते कुणी मोजत नाही.

आता खरी गोष्ट. मादीनं पहिल्यांदा अंडी धरली तेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. पेटीत तळाला फरशी होती. ती बिचारी दोन दिवस फरशी खरवडत होती, नखं झिजवून घेतली. काही अंडी फरशीवरच पडली, काही आत अडली. सूनबाई तिला छातीशी धरून पुण्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. इंजेक्शनं झाली, कशीबशी सुटका झाली. डॉक्टरनं सांगून पाठवलं, हिला खणायला जागा लागते, मनासारखी जागा मिळाली नाही तर ही अंडी अडवून धरते. पुन्हा अडली तर पोट फाडावं लागेल, आणि एवढासा जीव त्यातून उठेल असं मी सांगत नाही.

अडलेली गाय मी बघितलेली आहे. खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढलेलं आहे. पण ह्या जनावराच्या पोटात माझी करंगळीसुद्धा जायची नाही. म्हणून थंडी सरता सरता मादीचं पोट पुन्हा गोट्या भरलेल्या पिशवीसारखं दिसायला लागलं, तिनं लसूणघास सोडला आणि काचेवर पंजे मारायला सुरुवात केली, तेव्हा सूनबाईचा चेहरा उतरला तो मला कळला. घरात मूल नाही अजून, लग्नाला सहा वर्षं झाली. त्यावर कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही, आणि इथंही एवढंच.

"आबा, या वेळी पेटी नीट झाली पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही मदत कराल?"

मदत! मातीचं काम आणि मला विचारते मदत कराल का.

तिनं दौंडहून प्लास्टिकची मोठी पेटी आणली होती, हातभर लांब, दोन वीत खोल, झाकणाला भोकं. व्हिडिओत बघून तिनं आधी खेळायची वाळू असते तशी धुतलेली वाळू भरली आणि मापाच्या कपानं पाणी घातलं. चार कप. मी हात घातला, बोटानं भोक पाडलं, भोक माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं.

"ह्यात ती घुसली तर वरनं ढिगारा पडंल. काढ ही."

"पण ते वाळूच म्हणतात, आबा."

"त्येंची वाळू त्येंच्या गावाला."

मग मी आमच्या खालच्या पट्टीची काळी माती आणली. कांद्याला कशी माती आहे ही, विचारा कुणालाही. भरली, पाणी शिंपडलं, दिव्याजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला भेग पडून ती पेटीच्या कडेपासून सुटली होती आणि नख मारलं तर नख दुखलं. सूनबाईनं ती पेटी अंगणात पालथी केली. इथं मी चुकलो, लिहून ठेवतो. काळी माती कांद्याची, सरड्याची नाही.

मधेच आणखी एक घोळ झाला. अंडी निघाल्यावर ती ठेवायला सूनबाईला काहीतरी हवं होतं. तिनं ऑफिसातनं फोन केला, "आबा, नर्सरीतनं थोडं व्हर्मिक्युलाइट आणून ठेवाल?" गाडीच्या आवाजात मला त्यातलं व्हर्मी तेवढं ऐकू आलं. आमच्याकडं व्हर्मी म्हणजे गांडूळखत. सगळा तालुका तेच म्हणतो. मी चांगलं भुसभुशीत, चाळलेलं, एक गोणी घेऊन आलो. संध्याकाळी तिनं गोणीत हात घातला, दोन गांडुळं बाहेर काढली आणि भिंतीला टेकून हसायलाच लागली. तिला हवी होती ती चंदेरी भुग्यासारखी भलतीच वस्तू निघाली, रोपांच्या ट्रेमध्ये घालतात ती. मग त्या वस्तूला दुसरं नाव द्यायचं होतं ना! भुगा तिनं स्वतःच आणला, गोणी मी झेंडूला घातली. झेंडू झकास आला.

शेवटी माझ्याच डोक्यानं माती जमली. ओढ्याच्या वळणावर गाळाचा पोयटा साचतो, मऊ, भाकरीच्या पिठासारखा. दोन पाट्या पोयटा, एक पाटी वाळू. मंडळींच्या गव्हाच्या चाळणीतून चाळून घेतलं. चाळण उन्हात धुऊन ठेवली तरी त्यांनी ओळखलं, आणि ती चाळण आता माझी झाली, घरात तिला कुणी हात लावत नाही. मग पाणी. सूनबाई कप घेऊन उभी.

"किती कप, आबा?"

"कप ठेव बाजूला. हात पुढं कर."

तिच्या मुठीत माती दिली. दाबायला लावलं. लाडू झाला. सोडायला लावला. तो नुसता चेपला, फुटला नाही. म्हणालो, पाणी जास्त झालं, आता पसरून ठेवू दुपारपर्यंत. ती म्हणाली, दुपारी मी नाही. मी म्हणालो, मी हाय न्हवं. दुपारी मी चार वेळा लाडू केले. चौथा फुटला तेव्हा माती पेटीत भरली, दीड वीत. तळाला हलकी दाबली, वर भुसभुशीत ठेवली, कोपऱ्यात थोडी चढती. असा वाफा मी झेंडूच्या रोपालासुद्धा केला नव्हता.

सूनबाईनं मादीला पेटीत सोडलं, वर दिवा, बाजूनं जुना टॉवेल गुंडाळला. कारण ह्या बाईसाहेबांना कुणी बघत असलं तर खणायचं मन होत नाही. मग मला नियम सांगितले. दार लावून ठेवायचं. टॉवेल काढायचा नाही. दुपारी एकदाच टॉवेलच्या फटीतून दिवा लागतोय का बघायचं, वीज गेली असली तर फोन करायचा. हात लावायचा नाही. शेवटचा नियम तिनं दोनदा सांगितला.

"अगं, मला काय पोर समजतीस का?"

"नाही आबा. पोरं ऐकतात."

ती डेमूला गेली.

पहिला दिवस मादी नुसती फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. फटीतून दिवा दिसत होता, पण मादी दिसेना, म्हणून टॉवेल जरा वर केला. झाकण उचललं. कोपऱ्यात, जिथं मी माती चढती ठेवली होती, तिथं भोक. मनगट जाईल एवढं, तिरकं, आत गेलेलं. बाहेर उकरलेल्या मातीचा ढीग.

आता हे पुढचं नीट समजून घ्यायला पाहिजे. ज्यानं पाटानं पाणी दिलेलं नाही त्याला ते समजणार नाही. रानात पाणी चालू असताना पाटाला भोक दिसलं, उंदराचं म्हणा, घुशीचं म्हणा, खेकड्याचं म्हणा, तर थांबायचं नसतं. विचार करायला उभा राहिलात तर पाणी शेजाऱ्याच्या रानात. ढेकूळ कोंबायचं, वर माती ओढायची, टाचेनं दाबायचं. माझी हयात अशी भोकं बुजवण्यात गेली. जेवताना, बोलताना, लग्नाच्या मांडवात जातानासुद्धा बांधावर भोक दिसलं की पाय आपोआप जातो.

तसा हात गेला. बाहेरचा ढीग आत ओढला, कोंबला, तळव्यानं दाबला, वरून सारखं केलं. दोन थापट्या दिल्या. छान झालं. समाधानसुद्धा वाटलं.

मग दुसऱ्या कोपऱ्यात मादी दिसली. गप्प बसलेली, माझ्याकडं बघत. नाकावर माती, भुवयांवर माती, पंजे मातीनं भरलेले. माझा हात तसाच हवेत राहिला.

शिव्या कुणाला द्यायच्या? मीच मला दिल्या, मोठ्यानं, त्या खोलीत. पलीकडच्या पेटीतला नर डोळा फिरवून ऐकत होता. मनात आलं, परत उकरावं. पण हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, आणि एकदा लावून हा उजेड पडला होता. म्हटलं, खणलं तिनं एकदा, खणील पुन्हा. नखं आहेत, माती चांगली आहे. झाकण लावलं, टॉवेल होता तसा गुंडाळला, घडीसुद्धा तशीच.

संध्याकाळी सूनबाई आल्या आल्या चपला न काढता खोलीकडं गेली.

"आबा, उघडलं नाही ना?"

"दिवा लागतोय का तेवढं बघितलं."

खोटं नव्हतं. दिवा बघितलाच होता.

तिनं हळूच बघितलं. माती सपाट. "अजून सुरुवातच नाही," म्हणाली, आणि ओठ आवळून बाहेर आली.

त्यानंतरचे दोन दिवस मादीनं नख मारलं नाही. एका जागी बसून राहायची, दाढी काळी करून. डोळे आत गेल्यासारखे झाले. मी दुपारी फटीतूनच बघायचो, आता टॉवेलला हात लावत नव्हतो, आता काय उपयोग होता त्याचा! जेवण गोड लागेना. मंडळींनी विचारलं, "दात दुखतोय का?" म्हटलं, दुखतोय.

तिसऱ्या संध्याकाळी सूनबाई खोलीतून बाहेर आली ती फोन कानाला लावून. उद्या बाराची वेळ घेतली डॉक्टरची, रजाही टाकली. फोन ठेवून ओट्यावर माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली,

"माती चुकली, आबा."

"काय?"

"माती चुकली आपली. घट्ट झाली असेल तिला. ते सांगत होते तशी वाळूच ठेवायला पाहिजे होती. माझीच चूक, मी तुमचं ऐकलं."

माझ्या अंगाचा भडका झाला. काय वाट्टेल ते ऐकून घेईन. वेंधळा म्हणा, म्हातारचळ लागला म्हणा. पण पोयटा चुकला? वाफसा चुकला? मी चार वेळा लाडू केलेली माती?

"माती चुकली न्हाई!" मी ओरडलोच. "मातीला नावं ठिवायची न्हाईत. खणलं हुतं तिनं. मनगटायेवढं खणलं हुतं त्या मातीत, सरळ बोगदा. मी बुजिवला."

सूनबाई माझ्याकडं बघत राहिली.

"काय केलंत?"

"बुजिवला. हात गेला. भोक दिसलं, हात गेला."

मंडळी भाजी निवडत होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "तरी म्हणलं ह्यांचा दात कसा काय दुखतोय, दात हायतीच किती! अगं बाई, अंगणातली मुंग्यांची वारुळं न्हाई ठेवत ही, पाय देत्यात. तुझ्या सरडीचं काय ठेवत्यात."

सूनबाई उठली. पायरीवर जाऊन आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. मला वाटलं रडते. रडली असेल. मग ती वळली, आणि तिचा आवाज ऑफिसात बोलतात तसा कोरडा.

"तीन दिवस झाले, आबा. तीन दिवस मी तिला उचलून उचलून बघतेय."

"व्हय."

"किती आत गेलं होतं?"

मी मनगटावर बोट ठेवून दाखवलं.

"मग तुम्हीच करून द्या परत. कधी कधी हातानं सुरुवात करून दिली तर त्या पुढं खणतात, असं वाचलंय मी. बुजवलंय तुम्ही, उकरायचंही तुम्ही. सकाळी लवकर. दहाला निघायचंच आहे मला, काही झालं तरी."

मला असं फर्मान माझ्या थोरल्या भावानंसुद्धा कधी सोडलं नव्हतं. पण मान डोलावली.

सकाळी उजाडल्या उजाडल्या पेटीशी बसलो. दिव्यानं वरची माती वाळली होती, बोटभर. ती बाजूला सारली, पाणी शिंपडलं, खालची वर केली, लाडू केला. चेपला. थांबलो. परत केला. सूनबाई दाराला टेकून घड्याळ बघत होती, पण घाई करा म्हणाली नाही. तिसरा फुटला. मग त्याच कोपऱ्यात हात घातला, तिरका, तिनं धरला होता तोच उतार. बोटं जुळवून माती मागं ओढत गेलो, कोपराच्या अलीकडंपर्यंत. आतून तळहातानं छत दाबून घेतलं. हात काढला. भोक उभं राहिलं. एक कणही पडला नाही. ही माती चुकली म्हणत होती!

मादीला भोकाच्या तोंडाशी ठेवलं, झाकण लावलं, टॉवेल गुंडाळला आणि दोघंही बाहेर आलो. तिनं मला आधी बाहेर काढलं आणि कडी स्वतः लावली.

नऊ वाजले. साडेनऊला ती फटीतून बघून आली. "दिसत नाही. आत गेलीय." माती बाहेर फेकल्याचा बारीक आवाज येत होता, कान लावला की. दहाला गाडी दारात लागली. मुलगा रात्रपाळी करून आलेला, डोळे चोळत स्टिअरिंगवर बसला. सूनबाईच्या हातात प्राणी न्यायची टोपली, दुसऱ्या हातात फोन. ती खोलीच्या दाराकडं बघे, गाडीकडं बघे.

"आता आत आहे ती. बाहेर ओढली तर परत घाबरेल. नाही नेली आणि अडलीच, तर डॉक्टर परवापर्यंत नाहीत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, काय करू?"

कबुली दिल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझा सल्ला विचारला होता, आणि विचारला तो असला. जनावराच्या पोटातलं मला काय कळतं? मला कळत होतं ते एवढंच, की माझा हात त्या भोकात जाऊन आला होता आणि आत गारवा होता, चिखल नव्हता, धूळ नव्हती.

"वाफसा हाय," मी म्हणालो. "थांब."

तिनं टोपली खाली ठेवली. मुलगा गाडी बंद करून तिथंच सीटवर झोपला. आम्ही ओट्यावर. मंडळींनी चहा आणला, तो निवला. मी दोनदा उठलो, दोन्ही वेळा तिनं नुसतं "आबा" म्हटलं, मी बसलो. घरात असा दरारा कुणाचा नव्हता कधी.

बारा वाजून गेल्यावर ती बघून आली. चालत गेली होती, पळत आली.

"वळलीय! तोंड बाहेर आहे, शेपूट आत! अंडी घालताना वळतात!"

मग मला बोलावलं. फटीतून, श्वास धरून, एकच नजर, ह्या अटीवर. भोकाच्या तोंडाशी मातीनं माखलेलं डोकं, डोळे अर्धे मिटलेले, अंग मधूनच आवळायचं, मधूनच सैल पडायचं. गाय तशीच करते. सूनबाईनं माझी बाही धरली होती, ते तिलाही माहीत नव्हतं.

दोनच्या सुमाराला मादी बाहेर आली. पोट रिकाम्या पिशवीसारखं लटकलेलं. आणि बाहेर आल्यावर तिनं काय केलं, तर वळली, पुढच्या पायांनी माती आत ओढायला लागली. सगळा ढीग आत कोंबला. मग नाकानं दाबला, डोकं टेकवून, एकेक जागा, ठोक ठोक. वरून सारखं केलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं. भोक कुठं होतं ते कळेना.

"बघ," मी म्हणालो. "बुजिवलं का न्हाई तिनं? म्या केलं तवा गुन्हा झाला."

"तुम्ही अंडी घालायच्या आधी बुजवलंत, आबा."

मी टॉवेलची घडी घालायला घेतली.

मादीला तिच्या पेटीत नेऊन पाणी पाजलं. तिनं लसूणघासाचा शेंडा खाल्ला, मीच धरला होता. मग तिनं एवढं दाबून ठेवलेलं सगळं आम्ही पुन्हा उकरलं, म्हणजे मी उकरलं, मंडळींच्या मसाल्याच्या डब्यातल्या चमच्यानं. पांढरी, लांबुळकी, मऊ, चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी अंडी, एकाला एक चिकटलेली. बावीस. दोन पिवळी पडलेली होती, ती तिनं वेगळी ठेवली. खुडूक कोंबडीखालची अंडी हलवून फिरवून बघायची मला सवय. पहिलंच अंडं मी दोन बोटांत धरून उलटं करणार, तोच सूनबाईनं माझं मनगट पकडलं.

"फिरवायचं नाही! जसं निघालं तसंच ठेवायचं. वरची बाजू वरच. उलटलं तर आतलं पिल्लू मरतं."

हे कुणी सांगितलं होतं? नियमात नव्हतं हे. पण वरची बाजू ओळखायला खूण करायची म्हणाली आणि पेन्सिल शोधायला लागली, तेव्हा मी चुलीतला कोळसा आणून दिला. कोंबडीखाली अंडी ठेवताना आमच्याकडं कोळशाचीच रेघ मारतात, म्हणजे मागून दुसरीनं घातलेलं ओळखू येतं. पेन्सिलनं एवढं मऊ अंडं फाटलं असतं. कोळशाची रेघ तिलाही पटली. ती पटली असं म्हणाली नाही, सगळ्या अंड्यांवर मारली मात्र. डब्यातल्या त्या चंदेरी भुग्यात अंडी मांडली, डबा गरम पेटीत गेला. दोन महिने तरी लागतात म्हणे. पिल्लं किती निघतील ते निघतील. मादी उठून फिरायला लागली, खायला लागली, डॉक्टरला फोन करून वेळ रद्द झाली, एवढं माझ्यासमोर झालं.

डोक्याला ताप तो पुढंच आहे. नराची एकदा भेट झाली की मादी तेवढ्यावर दुसरी खेपही धरते, महिन्याभरात. हे सूनबाईनं दुसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, भाकरी मोडत, जसं काही भाजीत मीठ कमी आहे. म्हणजे पुन्हा पेटी, पुन्हा पोयटा, पुन्हा टॉवेल. मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "माती वाफशावर पाहिजे गं. वाफसा म्हणजे ओलसर पण ओली नको." ओट्यावरून ओरडून मला लाडूचं सांगावं लागलं. तेव्हा कुठं ती नीट बोलली.

पेंडीच्या खोलीच्या दारावर तिनं आता कागद चिकटवलाय. मोठ्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून: "आबा, भोक बुजवू नये." पाहुणे येतात, वाचतात, माझ्याकडं बघतात. भावकीतला तो तर दारात उभा राहून दोनदा मोठ्यानं वाचून गेला. मी फाडला नाही. कोळशानं खाली एक ओळ लिहिली आहे, अक्षर वाकडं आहे पण लागतं: "पाणी मला विचारून घालावे." काल सकाळी डेमूला जाताना ती दाराशी थांबली, वाचलं, आणि पेटीतली मूठभर माती माझ्या हातावर ठेवून विचारलं, "बघा बरं, आबा. आहे का?"

मी दाबली. चिकटली हाताला.

"न्हाई," मी म्हणालो. "दुपारपर्यंत थांब."